दोन थाऊंचा हिशेब

भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या फिटरच्या हाती शिकारी रायफल दिली, तर तो नेम धरून बघणार नाही. आधी ती उलटी करील आणि लोखंड लाकडाला बांधणारे स्क्रू तपासेल. त्याची नजर बरोबर जागी गेली आहे. रायफल कुठे चुकते, हे पुष्कळदा तिथेच कळतं.

आपल्याकडे कारखान्यातली शिकारी रायफल म्हटलं की डोळ्यांपुढे येते बंगालमधल्या इछापूरची .३१५ स्पोर्टिंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली, रायफल मात्र परवान्यावर काही घरांत राहिली. शंभर पावलांवरच्या रानडुकरासाठी ती उत्तम. लांब पल्ल्याची मागणी वेगळी असते: पहिली गोळी जिथे लागली, तिथेच दुसरी, तिथेच दहावी. ही मागणी पुरवताना कसबी कारागीर रायफलीला फारसं काही जोडत नाही. तिच्यातली एकेक चुळबुळ तो काढून टाकतो.

सुरुवात बैठकीपासून. लोखंडी यंत्रणा लाकडी दस्त्यात बसते. पण कारखान्यात कोरलेला खाचा आणि यंत्रणेचा तळ एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत, चार-दोन उंचवट्यांवरच भेटतात. स्क्रू आवळला की यंत्रणा सूक्ष्मशी वाकते. आषाढात लाकूड फुगतं, वैशाखात आकसतं, आणि वाकण्याची तऱ्हा ऋतूगणिक बदलते. हे पकडायची परीक्षा चाकणच्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर शोभेल अशी आहे. डायल गेजचा चुंबकी पाय नळीवर लावायचा, टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवायचं आणि पुढचा स्क्रू हलकेच ढिला करायचा. काटा दोन थाऊंच्या, म्हणजे पाच शतांश मिलिमीटरच्या आत राहिला तर बैठक निकोप. त्यापुढे पळाला, तर लोखंड इतका वेळ जबरदस्तीने दाबून धरलेलं होतं. उपाय असा: लाकूड थोडं खरवडायचं, धातूची पूड मिसळलेलं इपॉक्सी त्यात भरायचं, यंत्रणेला चिकटू नये म्हणून मेण लावायचं आणि ती कुठलाही ताण न देता त्यात नुसती ठेवायची. स्क्रू आवळायचे नाहीत, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी सुटते तेव्हा तळाचा साचा तंतोतंत उमटलेला असतो. डाय स्पॉटिंगला निळा रंग लावून उंचवटे शोधणाऱ्या माणसाला यातली खुमारी वेगळी सांगावी लागत नाही. (हौसेने हे घरी करू नये, आपल्याकडे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो.)

बैठक जमली की नळी मोकळी करायची. कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून मुळापर्यंत सरकली पाहिजे. कारण बार होताना नळी वाजवलेल्या तारेसारखी कंप पावते. कुठे लाकूड चिकटलं तर सूर दरवेळी वेगळा. इथे .३१५ च्या घराण्यातली एक गंमत सांगायलाच हवी. तिचा बोल्ट ब्रिटिश लष्कराच्या ली-एन्फिल्ड रायफलीच्या वळणाचा, कुलूप मागच्या बाजूला, त्यामुळे बार होताना यंत्रणा लवते. पुस्तकी दृष्टीने हा दोषच. पण त्या लवण्याने नळीचं तोंड वर उचललं जातं. ज्या गोळीचा वेग किंचित कमी, ती उशिरा बाहेर पडते, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं. ती थोड्या चढत्या कोनात सुटते आणि दूरच्या लक्ष्याशी वेगवान गोळीला गाठते. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या मैदानावर हजार यार्डांसाठी जाणकार ली-एन्फिल्डच पसंत करत, ते यामुळे. दोषालाच कामाला लावण्याची ही अक्कल मला कुठल्याही निर्दोष यंत्रापेक्षा अधिक भावते.

चापाबद्दल थोडक्यात. लष्करी वळणाच्या चापाला किलोंमध्ये जोर लागतो, स्पर्धेच्या चापाला ग्रॅममध्ये. तिथे दगडावर घासून मिळवायचा तो गुळगुळीतपणा. हलकेपणाच्या मोहात धार जास्त घासली, की बोल्ट आपटताच बार होतो.

नळीचं तोंड मात्र निरखून पाहावं. गोळी सुटताना मागचा वायू तिच्या बुडाशी चहूबाजूंनी एकाच क्षणी निसटला पाहिजे. काठावर केसाएवढी बर, म्हणजे धातूची उरलेली कड, असली तरी वायू एका अंगाने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. जाणकार तिथे कापसाची काडी आतून बाहेर फिरवतात. बर असेल तर तंतू अडकतो. अख्ख्या नळीचं भवितव्य शेवटच्या काठावर, आणि त्याची तपासणी कानात घालायच्या काडीने!

या साऱ्या सुधारणा कारखान्यातच करून आलेली रायफल पाहायची, तर वाकडहून मुळा ओलांडून बालेवाडीला जावं. तिथल्या शूटिंग रेंजवरची ५० मीटरची रायफल जर्मनीतल्या उल्म गावच्या अ‍ॅनशुट्झची किंवा वॉल्थरची असू शकते. बऱ्याच रायफलींत लाकूड गेलं, ॲल्युमिनियम आलं. गालपट्टी, खांद्याचा टेकू, सगळं स्क्रूवर सरकतं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन पवित्र्यांसाठी एकाच रायफलीत जणू तीन रायफली बसवलेल्या. काहींच्या नळीच्या टोकाला सरकतं वजन असतं: ली-एन्फिल्डने नकळत साधलेली ती लवचीक चलाखी इथे मोजून-मापून साधतात.

गोळ्यांचं तर वेगळंच शास्त्र. ५.६ मिलिमीटरचं रिमफायर काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे वाटेत ध्वनीची सीमा ओलांडताना बसणारे हादरे टळतात. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीला सारखे मानवत नाहीत. म्हणून रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडले जातात, आणि जो मानवला त्याची पेट्यांवर पेट्या खरेदी होते.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या आणि बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्य मिळवलं. ५० मीटर थ्री पोझिशनमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आकडा होता ४५१.४. तो जरा सोडवून पाहावा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं (गोळीचा काठ त्याला शिवला तरी दहा), एक दशांश गुण म्हणजे केंद्रापासून ०.८ मिलिमीटर. त्या अंतिम फेरीत तिसऱ्या क्रमांकाला ४४ गोळ्या मिळाल्या, म्हणजे सरासरी १०.२६. गुडघ्यावर, पालथं, मग उभं राहून, छातीत धडधड चालू असताना झाडलेली गोळी सरासरीने केंद्रापासून सहा मिलिमीटरच्या आतबाहेर. यातले बरेचसे मिलिमीटर माणसाच्या वाट्याचे, कारण चांगली रायफल शिकंज्यात असली तर चांगल्या लॉटची गोळी दहाच्या बाहेर क्वचितच जाते.