मजुराचा रोज आणि मराठी लेखक

कथा-कादंबऱ्या वाचताना मला एक खोड आहे. गोष्टीतल्या माणसाला मिळते किती, हे मी आधी शोधतो. माणूस कारकून असला तर उत्तर पहिल्या दोन पानांत सापडते. पगार, विम्याचा हप्ता, बायकोने मागितलेली साडी आणि शिल्लक राहिलेले पैसे, सगळे लेखकाला तोंडपाठ असते. मास्तर असला तरी तेच. (मास्तरांचा पगार आमच्या वाङ्मयात इतका येऊन गेला आहे की आता त्याची कोणाला दया येत नाही.) पण गोष्टीत बांधकामावरचा बिगारी आला, की लेखणी एकदम हळवी होते. घाम येतो, तळहाताचे घट्टे येतात, उन्हाने तापलेले घमेले येते, झोळीत निजलेले मूल तर हटकून येते. येत नाही तो फक्त रोज. त्या माणसाला संध्याकाळी किती रुपये मिळाले आणि त्यांत त्या दिवशी किती ज्वारी आली, हे लेखक सांगत नाही. त्याला ते ठाऊक नसावे, असा माझा संशय आहे.

हे आमचे जुने दुखणे आहे असेही नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. 1873 च्या ‘गुलामगिरी’त इंजिनीयर खात्याविषयी त्यांचा एक पवाडा आहे. गोऱ्या साहेबाच्या डोळ्यांत धूळ टाकून खात्यातले कामगार कुणब्यामजुरांना कसे नाडतात, हा त्याचा विषय. कामावर उभा राहिलेला माणूसच असा पवाडा लिहू शकतो. त्याला मजुराची दया येते, पण त्या आधी मजुरीचे पैसे वाटेत कुठे मुरतात ते दिसते. पुढे आमची कादंबरी शहाणी झाली, मानसशास्त्र शिकली, आणि ही नजर मात्र तिने सांडली. मामा वरेरकरांनी 1933 साली ‘धावता धोटा’ लिहून गिरणीत पाऊल टाकले, पण गवंड्याच्या परांचीवर चढायला फारसे कोणी गेले नाही.

आमच्या खानदेशाचेच पाहू. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, नांदल्या जळगावात. त्यांची गाणी 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली आणि महाराष्ट्र चकित झाला. कष्टाचे इतके नेमके ज्ञान मराठी कवितेत क्वचितच आढळते. जाते कसे फिरते, मोट कशी चालते, पेरणीला काय लागते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. बांधकामावरचे त्यांचे गाणे म्हणजे सुगरणीचा खोपा. मला ते गाणे फार आवडते, आणि शाळेत शिकवताना दर वेळी एक गोष्ट मनात येते. सुगरण आपल्या पिलांसाठी घर बांधते. जळगावात उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारतीवर वाळू वाहणारी बाई दुसऱ्याच्या पिलांसाठी बांधते, आणि तिची स्वतःची पिले तळमजल्यावर, सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला असतात. हा बहिणाबाईंचा दोष मुळीच नाही. त्या कुणबिणीच्या घरात राबल्या, त्यांचे माप पायलीचे होते. रोजंदारीचे गाणे पुढच्यांनी लिहायचे होते.

पुढे भालचंद्र नेमाडे आले. 1963 च्या ‘कोसला’त सांगवीच्या पांडुरंगाचा पैसा पानोपानी खुळखुळतो. वडिलांनी पाठवलेली रक्कम, वसतिगृहाच्या खानावळीचे घोळ, बापलेकांतली हिशेबावरून होणारी ओढाताण. पैसा हा नात्याचा भाग असतो, हे त्या कादंबरीला समजले आहे. पण तो पैसा शिकणाऱ्या पोराचा आहे. ज्याच्या घरून मनिऑर्डर येत नाही, उलट ज्याला घरी पाठवायचे असतात, त्याची वही अजून कोणी उघडलेली नाही.

गंमत अशी, की जळगावच्या गरिबाचा खर्च एका ग्रंथात महिन्यामागून महिना लिहिला जात होता, आणि तो ग्रंथ आम्हा लेखकांपैकी क्वचितच कोणी वाचला असेल. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीचे ‘लेबर गॅझेट’ 1921 साली निघू लागले. त्यात मुंबई, अहमदाबाद, सोलापूर यांच्या पंक्तीला जळगावचाही राहणीखर्चाचा निर्देशांक छापला जाई. ऑगस्ट 1939 ची महागाई शंभर धरायची आणि पुढे ती किती चढली ते सांगायचे. नंतर 1961 हे पायाचे वर्ष धरून जळगावचा निर्देशांक पुन्हा निघाला. रीत साधी आहे. कामगारांच्या घरी जाऊन खर्च विचारायचा, धान्य, सरपण, दिवाबत्ती, कपडा, घरभाडे यांना वजने द्यायची, मग बाजारात जाऊन भाव टिपायचे. कादंबरीकाराने याहून वेगळे काय करायचे असते?

मात्र हा आकडा गिरणी कामगाराचा. महागाई चढली की त्याचा भत्ता चढे. गिरणीच्या भिंती ज्याने चढवल्या त्या गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला भत्ता कसला? त्याची महागाई तीच, दुकानही तेच. 1948 साली किमान वेतनाचा कायदा आला, 1996 साली बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा आला, आणि वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दाखवून मंडळाकडे नाव नोंदवण्याची सोय झाली. पण नाक्यावर रोज नवा मालक पाहणाऱ्याला तो दाखला द्यायचा कोणी?

आणि खरी मेख दिवसांतच आहे. रोजाचा आकडा ऐकून मध्यमवर्गीय माणूस त्याला तिसाने गुणतो आणि म्हणतो, हे लोक मजेत आहेत! त्याने जळगावचा मे महिना धरलेला नसतो. पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा दुपारी सळईला हात लावता येत नाही. पावसाळ्यात काम थांबते. रेती मिळाली नाही, मालकाचा हप्ता अडकला, सेंट्रिंग सुकायचे आहे, घरी मूल आजारी आहे, प्रत्येकाचा खाडा. दिवाळीच्या सुमारास बरेच जण परांची सोडून कापूस वेचायला जातात, कारण तिथे किलोवर पैसे मिळतात आणि घरातली सगळी बोटे कामी येतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022-23 च्या आकड्यांत खेड्यातल्या बांधकाम मजुराचा रोज केरळात सरासरी 852 रुपयांवर होता, आणि सगळ्यांत कमी मध्य प्रदेशात, 279 रुपयांच्या आत. रावेर ओलांडले की तो मध्य प्रदेश सुरू होतो. सातपुड्यातून उतरणारा माणूस जळगावच्या नाक्यावर का उभा राहतो आणि भाव करताना आवाज का चढवत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. एवढे कळले तर एक पात्र उभे राहते. घामाच्या वर्णनाने ते राहत नाही.

1957 साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतन कशावर ठरवावे याचा ठराव झाला. मी तो एखाद्या कथेसारखा वाचतो. माणशी 2700 उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. कुटुंब म्हणजे खाणारी तीन मापे. ती अशी मोजतात: पुरुष एक, बाई 0.8, मुले प्रत्येकी 0.6. घमेले डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारी बाई 0.8! कोणत्याही मराठी कथेत तिच्याविषयी इतके बोचणारे वाक्य मी वाचलेले नाही, आणि लिहिणाऱ्यांना ते बोचले असेल असेही वाटत नाही. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले, की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत. म्हणजे करंजीचा खवा आणि पोराचा फटाका हा मजुरीचाच भाग झाला. न्यायमूर्तींना जे सुचले ते दिवाळी अंकातल्या कथालेखकांना का सुचू नये?

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे वाण्याची खतावणी नव्हे, आणि आकडे शिळे होतात. होतात खरे. नुसता ‘पाच रुपये रोज’ लिहिला तर तीस वर्षांनी वाचकाला हसू येईल. पण त्याच्याशेजारी ज्वारीचा भाव, दळणाचे पैसे, खोलीचे भाडे, आणि आताच्या दिवसांत मोबाईलचा रिचार्ज लिहिला, की आकडा शिळा होत नाही. तो त्या घराची उंची सांगतो. दलित आत्मकथनांनी हे करून दाखवले आहे. ‘बलुतं’ 1978 चे, ‘उपरा’ 1980 चे, ‘उचल्या’ 1987 चे. त्या पुस्तकांत चार आणेसुद्धा वजनदार वाटतात, कारण ते कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले हे लेखकाला माहीत आहे.

खानदेशातल्या बांधकामावर कोणा तरुणाला कादंबरी लिहायची असेल, तर त्याने घामाचे वर्णन पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवावे. आधी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मुकादम हिशेब करतो तिथे उभे राहावे. सहा रोज भरले, एक खाडा, मधे घेतलेली उचल वजा, हाती इतके. मग त्या बाईच्या मागोमाग दुकानापर्यंत जावे, आणि तेलाचा भाव ऐकल्यावर तिने यादीतली कोणती वस्तू पहिल्यांदा खोडली, ते लिहून घ्यावे.