विंगेबाहेरचा वेश

पोशाख आणि लिंगभाव हा विषय निघाला की मराठी माणूस थेट बालगंधर्वांपाशी जाऊन उभा राहतो. आम्हीही तिथूनच निघणार आहोत, पण सोबत आणखी एकाला घेऊन. रवी जाधव यांनी लागोपाठ दोन चित्रपट केले: २०१० मध्ये 'नटरंग', २०११ मध्ये 'बालगंधर्व'. दोन्हींत नायक रंगमंचावर बायकी होतो. एक शालू नेसून, दुसरा डोळ्यांत काजळ घालून आणि कंबर लचकवून. एकाच्या वाट्याला पूजा येते, दुसऱ्याच्या वाट्याला हिंसा. असं का?

पहिलं उत्तर तयारच असतं: एक नाटक, दुसरा तमाशा, एक पांढरपेशांचं, दुसरं गावकुसाकडचं. हे खरं आहे, जातीचा आणि पैशाचा भाग यात मोठा आहे. पण आम्हाला वाटतं, तेवढ्यावर उत्तर पुरं होत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, अत्तरं, दागिने यांवर इतका खर्च केला की कंपनी कर्जात गेली. घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या, गजरा माळू लागल्या. आणि पुरुष? ते गंधर्व टोपी घालू लागले. ही टोपी लक्षात ठेवा. एकाच माणसाकडून बायकांनी साडी घेतली आणि पुरुषांनी टोपी. म्हणजे प्रेक्षकांच्या मनात हिशेब पक्का होता: विंगेच्या आत भामिनी, विंगेबाहेर नारायणराव. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ होऊन पुरुषवेशात पडद्यावर आले, तर ते लोकांना रुचलं नाही. हिशेब उलट बाजूनं मोडलेलाही चालला नाही.

आता 'नटरंग'मधला गुणा बघा. पिळदार शरीराचा गडी, कलेपायी नाच्या होतो. त्याचा गुन्हा काय? तो साडी नेसत नाही. त्याची चाल, त्याचा हात, त्याची मान विंगेबाहेर त्याच्याबरोबर येते, किंवा येत असेल असा गावाला संशय येतो. चित्रपटाबाहेरही हे घडलंच आहे. गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या अजरामर केला. ते संसारी गृहस्थ, पण लोकांचे टोमणे त्यांच्यामागे घरापर्यंत गेले. बालगंधर्वांना विंगेनं सांभाळलं, गणपत पाटलांना नाही.

दोन्ही चित्रपटांवर आमचा आक्षेप इथे आहे. 'बालगंधर्व'मधल्या नीता लुल्ला यांच्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण शालू इतके देखणे आहेत की आपण जर बघत बसतो. ते नेसणाऱ्याला नेसताना काय वाटत असेल, हा प्रश्न जरीखाली झाकला जातो. 'नटरंग' जास्त धीट आहे, तो अत्याचारापर्यंत जातो. पण शेवटी गुणाला जीवनगौरव मिळतो, म्हणजे त्याला पुन्हा मंचावर नेऊन बसवलं जातं. टाळ्या पडतात, आपण मोकळे होतो. गावातल्या रस्त्याचं काय, ते राहूनच जातं.

हा मंच दर वेळी नाट्यगृहातच असतो असं नाही. गिरगावात, डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली फेटा बांधून बुलेटवर बसतात. फेटा हा पुरुषाचा पोशाख. तरी आपण कौतुकानं फोटो काढतो, कारण मिरवणूक दुपारी संपते. पुण्याच्या ढोलपथकांत मुलगे कानात भिकबाळी घालतात. तो पुरुषाचाच दागिना, म्हणून कुणी भुवई उंचावत नाही. त्याच मुलानं दुसऱ्या दिवशी कानात झुमका घालून ऑफिस गाठलं तर? बिन बायकांच्या तमाशातली लावणी असो की मुंबईच्या क्लबमधला ड्रॅग शो, तिकीट काढलं की टाळी मिळते. ही टाळी खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. तिला वेळेची आणि जागेची अट आहे, एवढंच.

आणि ही हद्द आपण समजतो तेवढी सनातनही नाही हो. नऊवारीचा कासोटा आणि धोतराचा कासोटा शेजारी ठेवून बघा. दोन्हींत न शिवलेलं वस्त्र, दोन्हींत दोन पायांमधून नेऊन मागे खोचलेलं. पुढे परकरावर नेसायची गोल पाचवारी रुळली, पुरुष पँटीत गेले, आणि पोशाखातलं हे साम्य दिसेनासं झालं.

म्हणून आजच्या मुलामुलींच्या जुन्या कपड्यांकडे आम्ही गांभीर्यानं बघतो. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ढीग असतो. त्यावर 'पुरुष' आणि 'स्त्री' अशा पाट्या नसतात. बोहारणीच्या गाठोड्यातही नसतात. वापरून मऊ झालेला सदरा एखादी मुलगी उचलते. बटणं उलट्या बाजूला आहेत हे तिच्या बोटांना आधी कळतं. खांदा उतरतो, बाह्या दुमडाव्या लागतात, नाहीतर अल्टरवाल्याकडे जावं लागतं. यात भामिनीचा थाट नाही, मंच नाही, आणि कर्ज तर नाहीच. ती हाच सदरा घालून कॉलेजला जाते, बसमध्ये उभी राहते, घरी येऊन भाजी निवडते.

मुलीला हे थोडं सोपं जातं. 'सोयीचं असतं गं' म्हणून घरचे सोडून देतात. ढिगातून ओढणी उचलणाऱ्या मुलाला ही सवलत नाही. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करण्याचा हक्क मान्य केला, २०१८ मध्ये कलम ३७७ बाबतचा निकालही आला. पण त्या मुलाचा निकाल रोज संध्याकाळी रेल्वेच्या पुलावर लागतो, आणि तिथले न्यायाधीश आपणच असतो.

आमचं म्हणणं एवढंच. बालगंधर्वांच्या शालूचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो अभिमान खरा आहे की नाही, हे नाट्यगृहात कळत नाही. समोरून ओढणी घेतलेला मुलगा येताना आपली नजर काय करते, तिथे ते कळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.