विंचवाचे बिऱ्हाड

दिवाळीनंतरच्या दिवसांत राजूरच्या स्टँडसमोर चहा घेत बसले, की दोन प्रकारची बिऱ्हाडे दृष्टीस पडतात. वरच्या आदिवासी गावांतली नवराबायकोची जोडपी गाठोडी, घमेले आणि एखादे मूल घेऊन खाली जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतात. त्यांना नारायणगावकडे मजुरीला जायचे असते. त्याच रस्त्याने उलट अंगाला, भंडारदऱ्याकडे, शहरातल्या मोटारी चढत असतात. त्यांत हल्ली एखादी अशीही दिसते, की जिच्या पोटात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी असे सारे घर बसवलेले आहे. अशा चालत्या घरांच्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरणही आखले. काही जोडपी तर राहते घर मोडून बाराही महिने गाडीतच संसार करतात.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण दोघांनाही लागू पडते. एकाला हौसेने, दुसऱ्याला पोटासाठी. हा भेद उघड आहे आणि तो सांगून हळहळणे सोपे आहे. मला विचारायचे आहे ते निराळे. फिरत्या संसाराविषयी जे लिहिले गेले, त्यात संसारातले दुसरे माणूस कोठे गेले?

भटकंती म्हटली की आपल्यापुढे एकटा पुरुष उभा राहतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) या पुस्तकाचे नावच पाहावे. नर्मदेच्या परिक्रमेची ती कथा घर मागे टाकूनच सुरू होऊ शकते. अमेरिकेत तरी निराळे काय आहे? जॉन स्टाइनबेकने १९६० मध्ये मालमोटारीवर लहानसे घर बसवून घेतले, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याला ‘रोसिनान्ते’ नाव दिले आणि देश पाहायला तो निघाला. पण ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) मधला चार्ली हा कुत्रा आहे. पत्नी वाटेत भेटून जाते. चालत्या घरातला सोबती कुत्राच. त्या घरात मतभेद होत नाहीत, कारण मत असणारे दुसरे कोणी तेथे नाहीच.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) प्रवास दोघांचा आहे, कथन मात्र एकाचे. त्या कथनाचा प्रसन्नपणा मराठी वाचक विसरणार नाही, मीही विसरत नाही. पण १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. ते प्रवासवर्णन नव्हे. तरी ते वाचून झाल्यावर ‘अपूर्वाई’ पुन्हा उघडली, की वाचक नकळत दुसऱ्या खुर्चीकडे पाहू लागतो. एका मोठ्या माणसाच्या संसाराचा व्यवहार कोणी पेलला, हे कळल्यावर त्या प्रवासातली मौज कमी होत नाही. ती कोणाच्या आधारावर उभी होती, एवढे मात्र दिसू लागते.

या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्याकडे फार आधीच लिहून झाले होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांना आपण आत्मचरित्र म्हणतो. मी त्यांना फिरत्या संसाराचा ग्रंथ म्हणेन. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी, सातारा – ना. वा. टिळकांच्या मनात आले की निघणे झाले, आणि मागची आवराआवर लक्ष्मीबाईंकडे. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा तर नवऱ्याने एकट्याने धरलेली वाट त्यांच्या वाट्याला ताटातूट होऊन आली. वर्षांनी त्या त्यांच्याकडे परतल्या, त्या नगरला, आमच्याच जिल्ह्यात. इतके सोसून लिहिणारी बाई एकतर नवऱ्याला देव करील किंवा आरोपी. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. टिळकांचे मोठेपण आणि त्यांचा अव्यवहारीपणा त्या एकाच वाक्यात, एकाच हसण्यात धरतात. पुरुषांच्या प्रवासकथांत बायको सावलीएवढी उरते. या बाईच्या पुस्तकात नवरा सबंध उभा आहे. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ ही माझी कसोटी आहे. दिवसाचा रस्ता कोणीही वर्णन करील. मुक्कामाच्या संध्याकाळी पाणी कोणी आणले, चुलीचे दगड कोणी मांडले, आणि उद्या निघायचे हे कोणी ठरवले, ते पुस्तकाने सांगितले पाहिजे.

दोघांनी मिळून लिहिलेले एक पुस्तक मात्र मला ठाऊक आहे. हुलियो कोर्तासार आणि त्याची पत्नी कॅरोल डनलॉप यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात पॅरिस ते मार्सेय हा एका दिवसाचा मोटाररस्ता तेहतीस दिवसांत पार केला. रस्ता सोडायचा नाही, रोज दोनच विश्रामस्थळे घ्यायची, असा त्यांचा नेम होता. गाडी हेच घर. तिचे नाव ‘फाफनर’. मित्र वाटेत येऊन ताजे अन्न देऊन जात. हा खेळ होता, आणि पोट भरलेल्यांचाच खेळ होता. तरीही त्या पानांतून दोन नजरा जाग्या आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डनलॉप वारली आणि पुस्तक त्याने एकट्याने पुरे केले; ते १९८३ मध्ये निघाले. एक माणूस गेले म्हणजे लिखाणातले काय जाते, हे मला त्या पुस्तकाने शिकवले.

आता पुन्हा आमच्या प्रवरेकडे येतो. १९२६ मध्ये पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने खाली उसाचा पट्टा उभा केला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या पट्ट्यात ऊस तोडायला पाथर्डीहून, बीडकडून जोडपी येतात, कोप्या घालून पाचसहा महिने राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’. एकटे माणूस आले तर ‘अर्धा कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर पडते. बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि त्याआधी पहाटे भाकरीही थापते. दोन माणसांना भाषेने एका हत्यारात जमा केले आहे. अशा शब्दाला हात घालणे हे टीकेचे काम नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे पटणार नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) गाढवांच्या पाठीवरचा कैकाडी संसार मराठीत आणला आणि त्याला १९८१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. ते पुस्तक मोठे आहे. आईबापांचे कष्ट त्यात मुलाच्या डोळ्यांनी दिसतात. पण ती आई स्वतः बोलली असती तर संध्याकाळचा मुक्काम कसा दिसला असता, हा प्रश्न ‘उपरा’ मिटवीत नाही. उलट जागा करतो.

चालत्या मोटारीत संसार करणाऱ्यांची पुस्तके मराठीत आता येतील. ती मी आवडीने वाचीन. टाकीत पाणी भरणे, सांडपाणी टाकायला जागा शोधणे, चार हात लांबीच्या खोलीत रुसव्यालाही जागा नसणे, हे सारे त्यांत यावे. आणि ते दोघांनीही लिहावे. त्याहून अधिक वाट मी ‘अर्ध्या कोयत्या’च्या पुस्तकाची पाहतो आहे. राजूरच्या स्टँडवर गाठोड्यावर बसलेली ती बाई कोणत्या गावी, किती दिवस, हे नवऱ्याकडे न पाहता सांगत असते. ऐकणारा मिळाला तर पुढचेही सांगेल.