मळलेली वाट आणि मळलेले पाय

रोम पाहून परतलेली आपली मंडळी जे वर्णन करतात, त्यात संत पेत्राचे महामंदिर असते, कोलोसियम असते आणि त्रेवीच्या कारंज्यात टाकलेले नाणेही असते. बसमधून उतरावे, छायाचित्र काढावे आणि पुन्हा बसमध्ये चढावे, असा त्या यात्रेचा एकंदर क्रम. या धावपळीला कंटाळलेल्यांसाठी आता दुसरा एक प्रकार चांगलाच रूढ झाला आहे. वाटाड्या नाही, जथा नाही. हाती नकाशा किंवा कानाशी भ्रमणध्वनी, आणि जुन्या नगरातून आपल्याच पायांनी केलेली फेरी. अशा फेऱ्यांचे मार्ग आखून देणारी पत्रके हा आता एक लेखनप्रकारच होऊन बसला आहे. तेव्हा इतर लेखनाप्रमाणे त्याचेही गुणदोष तपासून पाहावेत, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी आम्ही चित्रकार काराव्हाज्जो याच्या नावाची फेरी निवडली. नगराच्या उत्तर वेशीजवळील सांता मरिया देल पोपोलो या चर्चपासून ती सुरू होते, सांत आगोस्तिनो चर्चवरून पुढे जाते आणि सान लुईजी देई फ्रांचेझी येथे संपते. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. तीन चर्च आणि सहा चित्रे. या फेरीचा पहिला गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. ही चित्रे संग्रहालयाच्या भिंतीवर नेऊन टांगलेली नाहीत. ज्या चॅपेलसाठी ती काढली गेली, तेथेच ती आहेत, आणि त्यांच्यासमोर आजही पवित्र मिस्सा अर्पण होते. दुसरा गुण असा, की पायी जाणाऱ्याला हवे तेथे थांबता येते.

दोष आहे तो पत्रकाच्या दृष्टीत. छायाप्रकाशाचे तंत्र, चित्रकाराचा तापट स्वभाव, १६०६ साली त्याच्या हातून झालेली हत्या आणि त्यानंतरचे पलायन हे सारे पत्रक चवीने सांगते. मात्र या तीनही चर्चना जोडणारा एक धागा त्याच्या नजरेतून निसटतो. तो धागा म्हणजे पाय. पायी फेरीच्या पत्रकाला पायांचाच विसर पडावा, हे नवलच!

पोपोलो येथील चेराझी चॅपेलमध्ये १६००-०१ या काळातील दोन चित्रे समोरासमोर आहेत: संत पौलाचे परिवर्तन आणि संत पेत्राचे क्रूसारोहण. पेत्राच्या चित्रात खाली वाकून एक मजूर क्रूस पाठीने उचलतो आहे. त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो त्याचा मळलेला तळवा. वर पेत्राचे खिळलेले पाय, खाली या मजुराचे. हा मनुष्य क्रूर नाही. तो आपले रोजचे काम करतो आहे. वाईट गोष्टी जगात पुष्कळदा अशाच, घाम गाळून व मन न लावता होत असतात.

तेथून दक्षिणेकडे चालत सांत आगोस्तिनो येथे यावे. डाव्या हाताच्या पहिल्या चॅपेलमध्ये लोरेतोच्या मरियेचे चित्र आहे. पडक्या गिलाव्याच्या एका घराच्या उंबरठ्यावर मरियामाता बाळाला कडेवर घेऊन उभी आहे, तीही अनवाणी. समोर एक वृद्धा व एक पुरुष हात जोडून गुडघे टेकून आहेत. पुरुषाचे चिखलाने माखलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या पुढ्यात येतात. बाल्योने या समकालीन चित्रकाराने १६४२ साली छापलेल्या आपल्या चरित्रग्रंथात नमूद केले आहे, की या चित्रावरून सामान्य लोकांनी मोठा गलका केला. तो संतापाचा की आनंदाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आमचा कौल आनंदाकडे आहे. वेदीवर आपलेच पाय पाहून गरिबाला अपमान का वाटावा? वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला लांबून चालत येणाऱ्या भाविकाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

याच चर्चमध्ये, दाराशी, सान्सोव्हिनोने १५२१ च्या सुमारास घडविलेली प्रसूतीची मरिया बसली आहे. गरोदर स्त्रिया तिच्याकडे येतात, आणि बाळ झाले की गुलाबी-निळ्या फिती आणून वाहतात. मूर्तीचा पाय भाविकांच्या चुंबनांनी झिजत आला आहे. पत्रक येथे फारसे रेंगाळत नाही. पहिल्या खेपेस आम्हीही रेंगाळलो नव्हतो. चित्राच्या ओढीने तिच्या पुढून निघून गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. सेमिनरीत आम्हांस कलेचा इतिहास थोडाबहुत शिकवला गेला. फितीसमोर थांबायला मात्र पुढे धर्मग्रामातील आयाबायांनी शिकवले.

शेवटचा मुक्काम सान लुईजी. येथील कोंतारेल्ली चॅपेलमध्ये संत मत्तयाच्या जीवनावरील तीन चित्रे आहेत. वेदीवरील चित्र १६०२ मधले. पण ते दुसरे. पहिल्या चित्रात मत्तय पायावर पाय टाकून बसलेला होता, आणि त्याचा उघडा, ओबडधोबड पाय पाहणाऱ्यावर येत होता. बेलोरी या चरित्रकाराने १६७२ साली लिहिले, की येथील धर्मगुरूंना ते रुचले नाही. अशा पायांत त्यांना संताची शोभा दिसेना. ते चित्र एका सरदाराने घेतले, पुढे बर्लिनला गेले आणि १९४५ साली तेथेच नष्ट झाले. म्हणजे जो पाय धर्मगुरूंनी नाकारला, तो आज जगात कोठेच नाही. नाकारणारे परके नव्हते, आमच्याच पंक्तीतले होते. आपल्या दिनदर्शिकांवरील संतांचे धुतलेले, गुलाबी पाय पाहिले, की ती आवड अजून संपलेली नाही, हे ध्यानी येते.

डाव्या भिंतीवर मत्तयाचे पाचारण आहे. पैसे मोजणारी मंडळी मेजाभोवती बसली आहेत आणि उजवीकडून प्रभू येशू हात पुढे करीत आत येतो. चॅपेलमध्ये उभे राहिले, की ती उजवी बाजू म्हणजे वेदीची बाजू होय. प्रकाश तिकडून येतो, हाकही तिकडूनच. हे मर्म त्या जागी उभे राहिल्यानेच कळते. पुस्तकातील छापील चित्रात ते हरवते. येथे यंत्रात नाणे टाकले, की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. अंधार झाला, की सारे जण दुसऱ्या कोणी नाणे टाकण्याची वाट पाहतात. चित्रात मत्तयाच्या मेजावर नाणी, बाहेर आमच्या खिशात नाणी!

दिवंगत पोप फ्रान्सिस कार्डिनल असताना रोमला आले, की याच वाटेवरील व्हिया देला स्क्रोफा या रस्त्यावरच्या धर्मगुरूंच्या निवासात उतरत आणि पुष्कळदा या चित्रापाशी येत. २०१३ च्या एका मुलाखतीत त्यांनीच हे सांगितले, आणि त्या मत्तयात आपण स्वतःला पाहतो, असेही सांगितले. त्याच वर्षी, निवडीनंतर दोनच आठवड्यांनी आलेल्या पवित्र गुरुवारी, त्यांनी रोममधील एका तुरुंगातील अल्पवयीन बंदिवानांचे पाय धुतले. चित्र पाहणे कशाला म्हणावे, याचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा ही फेरी अवश्य करावी, असेच आमचे मत आहे. पत्रकही बरोबर असू द्यावे. त्याने दाखविलेली वाट मळलेली असली, तरी खोटी नाही. फक्त सान लुईजी येथे दिवे विझल्यावर लगेच निघू नये. क्षणभर थांबून त्या पाचारणाच्या चित्रात येशूच्या पायांकडे पाहावे. ते उघडे आहेत, आणि परतीच्या दिशेने वळलेले आहेत. हाक देऊन झाली आहे. प्रभू निघाला आहे. मेजावरून उठून त्या पायांमागे चालू लागायचे की पुढच्या नाण्याची वाट पाहायची, हे मत्तयाने त्या दिवशी ठरविले. आपल्यापैकी प्रत्येकाला ते ठरवावे लागतेच, रोमला न जाताही.