बांधीतला घोडा

कोणत्या सैन्यातला कोणता गडी सगळ्यात भारी, हे मी एकदा गणिताने सिद्ध केलं होतं. खेळ होता 'बॅटल फॉर वेसनॉथ'. डेव्हिड व्हाइटने २००३ साली सुरू केलेला, फुकट आणि मुक्तस्रोत. आजही जगभरचे हौशी लोक तो सांभाळतात. षटकोनी घरांचा पट, आळीपाळीने चाली आणि मूळची सहा सैन्यं. लॉयलिस्ट म्हणजे राजनिष्ठ माणसं, रेबेल म्हणजे एल्फ आणि त्यांचे सोबती, नॉर्दर्नर म्हणजे ऑर्क आणि ट्रोल, अनडेड म्हणजे सांगाडे-भुतं, नाल्गन म्हणजे बुटके आणि त्यांच्या संगतीतले भुरटे, आणि ड्रेक म्हणजे उडत्या, आग ओकणाऱ्या घोरपडी. (शेवटचं वर्णन माझं, ड्रेकप्रेमींनी माफ करावं.) डाव सुरू होताना हातात ठरावीक सोनं असतं, त्यातून सैन्य उभं करायचं. म्हणजे पहिला प्रश्न लढाईचा नाहीच, भरतीचा आहे: एवढ्या पैशांत कोणाला घेऊ?

या प्रश्नाचं तयार उत्तर म्हणजे टियर लिस्ट. एस, ए, बी, सी अशी उतरंड. कुठल्याही स्ट्रॅटेजी गेमचं नाव यूट्यूबवर टाकलं की ती समोर येतेच. मला दुसऱ्याची यादी पुरेना. वेसनॉथमधल्या प्रत्येक युनिटची माहिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उघडी ठेवलेली असते: किंमत, जीव, वार किती, एका वाराचं नुकसान किती, कशापासून किती बचाव. त्या वाचून मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाशी हजार वेळा लढवलं आणि निकालाला किमतीने भागलं. वर आला ऑर्किश ग्रंट. बारा सोन्याचा, अडतीस जिवाचा, नऊ-नऊचे दोन वार. स्वस्त, दणकट, बिनडोक. लॉयलिस्टांमध्ये भालाईत अर्थातच वर, पण मन बसलं घोडेस्वारावर. तेवीस सोन्याचा, आठ घरं पळणारा, आणि चढाई केली की त्याचं नुकसान दुप्पट. (आकडे मी खेळत होतो त्या आवृत्तीचे, ते अधूनमधून बदलतात.) यादीत सगळ्यात खाली गेलेल्यांपैकी एक म्हणजे ड्रेकांच्या बाजूने लढणारा सॉरियन. सव्वीस जीव, चारचारचे चार वार. त्याला मी 'सरडा' म्हणायचो.

तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. दिवाळीला गोंदियाला येताना रेल्वेत वेळ जावा म्हणून वेसनॉथच्या नकाशा-संपादकात आमच्या भागाचा नकाशा करायला घेतला. अर्जुनी मोरगाव तालुका, कारण आजोळ तिकडचं. नवेगाव बांधचा तलाव मधोमध. मारुती चितमपल्लींमुळे तो मराठी वाचकाला वाचून तरी माहीत असतो. भोवती जंगल, एका बाजूला प्रतापगडाची टेकडी, खाली इटियाडोहचं पाणी, आणि उरलेली सगळी जागा धानाची. इथे अडकलो. धानाच्या बांधीला वेसनॉथमध्ये काय म्हणायचं? खेळात सपाट जमीन आहे, जंगल, डोंगर, वाळू, उथळ पाणी, दलदल आहे. शेतही आहे, पण ते युरोपातलं गव्हाचं शेत. खेळाच्या लेखी ती सपाट जमीनच. मी फार विचार न करता सगळीकडे तेच शेत लावून टाकलं आणि झोपलो.

मामेभावाने नकाशा बघितला आणि हसायला लागला. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, घरची शेती बघतो, आणि माझ्याच जुन्या लॅपटॉपवर वेसनॉथ शिकलेला. "हे कोनत्या महिन्याचं आहे?" म्हणाला. मला प्रश्नच कळला नाही. "उन्हाळ्यात ठीक आहे. रोवणीच्या टायमाले घोडा बांधीत फसते ना, दादा. हे का सांगा लागते तुले?"

आम्ही नकाशाची दुसरी प्रत केली, आषाढातली. बांध्यांच्या जागी दलदल. मधून एकेका घराच्या रुंदीचे धुरे, तेवढे कोरडे. बोड्या आणि तलाव भरलेले. मग त्याच रात्री एका लॅपटॉपवर समोरासमोर खेळलो. मी लॉयलिस्ट, चार घोडेस्वार घेऊन. त्याने ड्रेक घेतले, पण ड्रेक फार घेतलेच नाहीत, सरडे घेतले.

काय झालं ते सांगायला दोनच आकडे पुरेत. वेसनॉथच्या दलदलीत घोड्याला एका घरासाठी चार चाली मोजाव्या लागतात, म्हणजे आठ घरं पळणारा माझा स्वार दोन घरं रांगत होता. आणि तिथे उभ्या घोड्यावरचा वार चुकण्याची शक्यता फक्त वीस टक्के. त्याच चिखलातल्या सरड्यावरचा वार चुकण्याची साठ टक्के. वर रात्र झालेली. खेळात लॉयलिस्टांचं बळ दिवसा पाव हिश्शाने वाढतं आणि रात्री तेवढंच घटतं, सरड्यांचं उलट. शिवाय चढाईचं दुसरं टोक असं, की घोडेस्वार दुप्पट मारतो तसा दुप्पट खातोही, आणि टोकदार हत्यारापुढे घोडा मुळातच कच्चा. हिशेब केला तर रात्री चिखलातून चढाई करणाऱ्या स्वाराला सरड्याचा एकेक वार बाराचा पडतो. चारही लागले तर अठ्ठेचाळीस. स्वाराचा जीव अडतीस. दोन रात्रींत माझे चारही घोडे गेले.

चूक घोड्यात नव्हती, माझ्या प्रोग्राममध्ये होती. मी सगळ्या लढती सपाट जमिनीवर, संधिप्रकाशात, एकास एक लढवल्या होत्या. म्हणजे अशा ठिकाणी, जे कुठेच नाही. मला वाटत होतं मी बाकीच्या गोष्टी 'स्थिर' ठेवतोय. खरं तर मी खेळच काढून टाकला होता आणि राहिलेल्या आकड्यांना खेळ म्हणत होतो.

वेसनॉथची मांडणी मला मोठी वाटते ती इथे. वार लागणार की नाही हे बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या कसबावर ठरत नाही. मार खाणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. (जादूगार अपवाद. त्याचा वार कुठेही सत्तर टक्के लागतो, म्हणून तो वीस सोन्याचा.) बुद्धिबळात उंटापेक्षा हत्ती मोलाचा हे आपण शिकतो आणि पुढे अपवाद शिकतो. वेसनॉथमध्ये अपवादच नियमात लिहिलेले आहेत. चौदा सोन्याचा भालाईत ड्रेकांपुढे सोन्यासारखा, कारण ड्रेकाच्या अंगात भाला सहज शिरतो. तोच भालाईत सांगाड्यापुढे उभा करा: हाडांच्या फटींतून भाला आरपार जातो, नुकसान साठ टक्क्यांनी कमी. तिथे गदावाला हवा. अनडेडांचा डार्क अडेप्ट हा काळ्या विद्येचा शिकाऊ भयंकर मारतो, पण त्याच्याकडे हातघाईचं हत्यारच नाही; भर दुपारी सपाटीवर घोडेस्वाराने त्याच्यावर चढाई केली तर उलट वार येतच नाही. म्हणजे माझा घोडेस्वार जगातला सर्वोत्तमही आहे. फक्त कोणापुढे, कुठे आणि किती वाजता, एवढं सांगा.

'टियर' या शब्दाशी माझं जरा वैयक्तिकही आहे. आमच्या कॉलेजला कॅम्पसला न येणाऱ्या कंपन्या ज्या यादीवरून येत नसत, तिच्यात आमचा क्रमांक तिसऱ्या पायरीवर होता. यादी खोटी होती असं म्हणवत नाही. मी दोन वर्षं ती चुकीची ठरवण्यासाठी घासलं आणि नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर काल्पनिक प्राण्यांची तसलीच यादी.

ही खोड फक्त गेम खेळणाऱ्यांची नाही. पानिपतावर मराठी माणूस जे वाद घालतो ते ऐका. गनिमी कावा श्रेष्ठ की गारदी? भाऊंनी आपलं हुकमी पान सोडून तोफांवर का भिस्त ठेवली? जणू सैन्यप्रकारांची एक कालातीत उतरंड आहे आणि सदाशिवरावांनी तिच्यात चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं. पण भाऊंकडे पुरावा होता. बुसीच्या तालमीत तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाचा आणि तोफांचा उपयोग त्यांनी १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाविरुद्ध पाहिला होता. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीही गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांना मागे रेटलंच. युनिट वाईट नव्हतं. आणि मल्हारराव होळकरांनी सुचवला असं सांगतात तो गनिमी कावा? तो सह्याद्रीत, किल्ल्यांच्या आणि ओळखीच्या गावांच्या आधाराने वाढला होता. बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे घेऊन यमुनेकाठच्या सपाटीत तो तसाच चालला असता, हे मला पटत नाही. माझे घोडे बांधीत चालले असते तर हेही चाललं असतं.

पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याला त्या जिंकल्या. १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेचं एवढं नुकसान केलं की ती लढाई तो जन्मभर विसरला नाही. तरी लढाई गेली. नोव्हेंबरात अडगावला भोसल्यांचं सैन्यही हरलं, डिसेंबरात देवगावचा तह झाला. आमचा मुलूख नागपूरकरांचा, म्हणून या तारखा आमच्याकडे शाळेत जरा जास्त घोकून घेतात. घोकताना कुणी विचारत नाही की चांगलं पायदळ, चांगल्या तोफा असून हरलो ते का. टियर लिस्टमध्ये त्या प्रश्नाला रकानाच नाही.

वेसनॉथमध्ये आहे, आणि त्याचं नाव पोसणावळ. प्रत्येक युनिट त्याच्या पातळीइतकं सोनं दर फेरीला खातं. तुमच्या ताब्यातली गावं त्यातलं काही फुकट पोसतात. गावं कमी पडली की तिजोरीला गळती लागते. पानिपतावरचे ते शेवटचे महिने मला या रकान्यातून जास्त नीट समजले. समोर अब्दाली, मागे परका मुलूख, रसद तोडलेली, गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेलेले. पट भरलेला, गावं शून्य. सैन्य उपाशी पोटी बाहेर पडलं ते लढाईची वेळ चांगली होती म्हणून नव्हे; आणखी एक फेरी थांबणं परवडत नव्हतं म्हणून.

आता मला या खेळाचं जे खटकतं ते. पोसणावळ पातळीवर ठरते, आणि वेसनॉथमध्ये एक युनिट आहे, पीझंट. शेतकरी. हातात फावड्या-काट्यासारखं अवजार, पातळी शून्य. म्हणून पोसणावळही शून्य. शूर सरदार खातो, घोडा खातो, शेतकरी काही खात नाही. डावाच्या संतुलनासाठी हे सोयीचं आहे, मला कळतं. अनडेडांचं चालतं प्रेतही शून्य पातळीचं आणि फुकटच पोसलं जातं. पण या दोघांना एका रकान्यात बघून मामेभाऊ जे बोलला ते इथे छापता येणार नाही. गावांचंही तसंच. वेसनॉथमधलं गाव सोनं देतं, जखमी शिपायाला आठ जीव परत देतं, आणि दहादा हातोहात गेलं तरी तेवढंच देत राहतं. शेतातून घोडदळ गेलं तर पीक तुडवलं जात नाही. जमिनीचा प्रत्येक तुकडा लढणाऱ्यासाठी काय आहे याचा इतका बारीक विचार करणारा खेळ त्या तुकड्यावर पिकवणाऱ्यासाठी तो काय आहे, हे एकदाही विचारत नाही.

मी तो प्रोग्राम अजून टाकलेला नाही. आता त्यात जमीन आणि वेळ घातली आहे. सहा प्रहरांना दहा-बारा प्रकारच्या जमिनींनी गुणलं की यादी एवढी लांब होते की तिला यादी म्हणण्यात अर्थ उरत नाही, आणि ती बघायला मला मजा येते. नकाशाच्याही दोन प्रती आहेत, उन्हाळा आणि रोवणी. या दिवाळीत भावाने तिसरी मागितली, कापणीनंतरची. बांध्या कोरड्या, घोडा पुन्हा मोकळा. पण जागोजागी धानाचे पुंजणे लागलेले. त्यांना कुठली जमीन लावायची यावर आम्ही तासभर भांडलो. मी म्हटलं टेकडी, आडोसा मिळतो. तो म्हणाला आडोसा ठीक आहे, पण समोर आग ओकणारे ड्रेक आहेत आणि आत वर्षाचं धान आहे, तिथं लपाले कोन जाइल? संपादकातल्या सगळ्या जमिनी दोनदा पाहिल्या. पुंजण्यांची घरं अजून रिकामी आहेत.