मधल्या चौकातून परतलेला संदेष्टा

देव स्वतःच्या शब्दाला कधी अपवाद करतो का? बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकात बजावलेलं आहे, की देव माणसासारखा मन पालटणारा नाही. आणि तरीही ‘२ राजे’च्या २०व्या अध्यायात, अवघ्या अकरा ओव्यांत, तो बोललेलं फिरवताना दिसतो.

यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दारात आहे. यशया संदेष्टा येऊन देवाचा निरोप देतो : निरवानिरव कर, तू यातून उठत नाहीस. निरोपात ‘जर’ नाही की ‘पण’ नाही. राजा भिंतीकडे तोंड फिरवतो. त्याची प्रार्थना नीट वाचावी. तो आयुष्य मागतच नाही. मी तुझ्याशी इमानाने वागलो, हे आठव, एवढंच म्हणतो आणि ढसाढसा रडतो. उरलेलं मागणं आसवांनी केलेलं आहे. म्हणूनच देवाच्या उत्तरात दोन्हींची पोच वेगवेगळी मिळते : प्रार्थना ऐकली, आसवं पाहिली.

हे उत्तर येतं कधी? यशया मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तेव्हा. मरणाचा निरोप आणि जगण्याचा निरोप यांत जेमतेम काही पावलांचं अंतर. आता त्याच तोंडाने उलट सांगायला त्याला परत फिरायचं आहे, पण कथाकार त्याच्या मनात डोकावत नाही. तो थेट राजाला मिळालेली १५ वर्षं सांगतो, गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावतो आणि खूण म्हणून राजाचा बाप आहाज याच्या पायऱ्यांवरची सावली १० पायऱ्या मागे नेतो. घरगुती औषध आणि आकाशातला चमत्कार शेजारी शेजारी, सारख्याच कोरड्या सुरात. ‘यशया’च्या ३८व्या अध्यायात हीच कथा पुन्हा येते, तिथे राजाचं लांब स्तोत्र आहे, चौक मात्र नाही. स्तोत्र सुंदर असलं तरी परत फिरण्याची ती घाई तिथे हरवते.

हा अपवाद धर्मपंडितांनी आपापल्या परीने सोडवला. थॉमस अक्वायनस म्हणतो, तो निरोप आजाराकडे पाहून खरा होता. देवाची इच्छा बदललीच नाही. कॅल्व्हिन म्हणतो, अशा धमकीत न उच्चारलेली अट असते. दोन्ही उत्तरं तर्काला पटतात. कथा मात्र तर्काशी थांबत नाही. ती पुढचा हिशेब मांडते.

हिज्कीयानंतर त्याचा मुलगा मनश्शे गादीवर येतो, वय १२. वाढीव वर्षं १५. आकडे सरळ धरले तर हा मुलगा त्या कृपेतच जन्मलेला. तो ५५ वर्षं राज्य करतो, यरुशलेम निरपराधांच्या रक्ताने भरतो, आणि यहूदाच्या नाशाचा दोष पुढे ‘२ राजे’ त्याच्याच माथी मारतं. भल्या राजाच्या आसवांना मिळालेलं दान असं फळतं. कथाकार ना देवाला जाब विचारत, ना त्याची वकिली करत.

नव्या करारात मत्तय येशूची वंशावळ देतो, तेव्हा हिज्कीयानंतर मनश्शेचं नाव बिनदिक्कत लिहितो. देवाने शब्द फिरवला नसता तर हा रक्तपिपासू राजा जन्मला नसता. आणि मत्तयाच्या यादीत त्याच्यावाचून येशूपर्यंत पोचायची वाटही नाही.