'ला-ली-ले'ची खूण आणि इंग्रजीचा साधा भूतकाळ : एक चिकित्सा

इंग्रजीच्या साध्या भूतकाळाची ओळख आपल्याकडे बहुधा एका सुटसुटीत खुणेने करून दिली जाते : मराठी क्रियापदाच्या शेवटी 'ला, ली, ले' आले की इंग्रजी क्रियापदाचे दुसरे रूप योजावे. खूण लक्षात राहते, परीक्षेत गुणही मिळतात. परंतु पदवीच्या वर्गात आढळणाऱ्या भूतकाळविषयक चुकांपैकी बऱ्याच चुका याच खुणेच्या पोटी जन्मतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीतील हे रूप केवळ भूतकाळाचे नव्हे. 'पाऊस आला तर सहल रद्द होईल' यातील 'आला' भविष्याविषयी बोलतो. इंग्रजीत तेथे साधा वर्तमानकाळ लागतो. हाकेला 'आलो, आलो' असे उत्तर येते, तेव्हा बोलणारा अद्याप जागचा हललेलाही नसतो! उलट, 'मी काल नाशिकला गेलो होतो' यातील 'होतो' पाहून विद्यार्थी 'आय हॅड गॉन' लिहितो. मराठीत हे रूप एकट्याने उभे राहते. इंग्रजीत त्याला भूतकाळातीलच दुसऱ्या एखाद्या क्षणाचा वा घटनेचा आधार लागतो. तो नसता 'वेंट' पुरेसे आहे.

सर्वाधिक आढळणारी चूक 'आय डिड नॉट वेंट' ही होय. तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. 'मी गेलो नाही' या वाक्यात भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो, 'नाही' फक्त नकार देतो. इंग्रजीत मात्र भूतकाळाची खूण एकदाच येते आणि नकारार्थी वाक्यात ती 'डू'ने 'डिड' होऊन उचललेली असते. म्हणून 'गो' मूळ रूपात परततो. प्रश्नार्थक वाक्यातही तेच. हे कारण न सांगता 'डिडनंतर पहिले रूप' एवढाच नियम पाठ करवणे म्हणजे मराठीची सवय तशीच ठेवून तिच्यावर पाटी लावणे.

'गो-वेंट-गॉन'च्या तक्त्याविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. स्टीव्हन पिंकर यांनी 'वर्ड्स अँड रूल्स' (१९९९) या ग्रंथात अनियमित रूपे स्मृतीतून आणि नियमित रूपे नियमातून येतात, अशी मांडणी केली. तिच्यावर वाद आहेत; परंतु इंग्रजीभाषक मुलेही 'वेंट' बरोबर वापरल्यानंतर काही काळ 'गो'ला 'ईडी' जोडतात, हे निरीक्षण सर्वमान्य आहे. तेव्हा 'टॉट'ऐवजी 'टीच्ड' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास नियम उमगलेला आहे, फक्त अपवाद आठवलेला नाही. त्याची आणि 'डिड नॉट वेंट'ची चूक एकाच लाल शाईने, एकाच मापाने मोजली जाते. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी अशा दोन-चार उत्तरपत्रिकांनंतर वर्गात इंग्रजीत तोंड उघडीनासा होतो.

प्रश्नपत्रिकाही या दोषातून मुक्त नाही. कंसातील क्रियापदाचे योग्य रूप भरा, या प्रकारात तक्ता पाठ असलेला विद्यार्थी उत्तीर्ण होतो. 'आला'चे तीन मराठी प्रयोग देऊन त्यांची तीन भिन्न इंग्रजी रूपे मागितली, तर तोच विद्यार्थी अडखळतो.